टेक्सासचं स्वस्त घर आणि न संपणारी घरपट्टी

तुझ्या आईनं तुझा मेसेज पुढं पाठवला. कंपनी तुला टेक्सासमधलं डॅलस, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातलं सॅन होजे यांतलं एक निवडायला सांगतेय, पगार साधारण १,२०,००० डॉलर, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. तुझं म्हणणं असं, की टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, घरं स्वस्त आहेत, मग भाड्यात पैसे कशाला घालवायचे? बाबांचा विश्रामबागचा तीन गुंठ्यांचा प्लॉट विकून पहिल्याच वर्षी घर घेऊन टाकावं.

मला सांगली सोडून एकवीस वर्षं झाली. पहिली सात वर्षं न्यू जर्सीत एडिसनला भाड्यानं काढली, नंतर डॅलसच्या उत्तरेला स्वतःच्या घरात. म्हणून आधीच सांगते, प्लॉट विकू नका. निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. आता कारणं सांगते, जरा सावकाश वाच.

आपल्याकडं घर घेताना सगळा भार खरेदीच्या दिवशी पडतो. सांगलीत महापालिका हद्दीत ६ टक्के मुद्रांक शुल्क, बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी, वर नोंदणीचे जास्तीत जास्त ३०,००० रुपये. खरेदीखत झालं की सुटलो. घरपट्टी वर्षाला काही हजार, ती मार्च आला की कुणीतरी जाऊन भरून येतं. त्यामुळं आपल्या डोक्यात घराची किंमत म्हणजेच घराचा खर्च, हे पक्कं बसलेलं असतं. इथं गणित उलटं आहे. टेक्सासमध्ये खरेदीवर मुद्रांक शुल्क असा प्रकारच नाही. पण घरपट्टी दर वर्षी घराच्या बाजारभावावर लागते, आणि कर्ज तीस वर्षांनी फिटलं तरी ती फिटत नाही.

डॅलसच्या आसपास ४,००,००० डॉलरचं घर धर. शाळा, काउंटी (म्हणजे आपल्याकडचा जिल्हा), शहर, कॉलेज असे सगळे दर मिळून २ टक्के धरू, त्यात शाळेचा १.१. सूट न घेता वर्षाचे ८,००० डॉलर झाले. स्वतः राहत्या घराला होमस्टेड सूट मिळते, ती शाळेच्या करात आता १,४०,००० डॉलरची आहे. ती धरली तर कर साधारण ६,४६० वर येतो, म्हणजे महिन्याला ५४० च्या आसपास. या सवलतीचा अर्ज फुकट असतो. 'आम्ही भरून देतो' म्हणून पैसे मागणारी पत्रं घर घेतल्यावर लगेच यायला लागतात, त्यांना एक पैसाही देऊ नकोस.

आता न्यू जर्सी. तिथं तेवढ्याच सोयीचं घर ६,००,००० ला मिळालं आणि दर २ टक्के असला तर वर्षाचे १२,००० झाले. अमेरिकेत सरासरी घरपट्टी सगळ्यांत जास्त न्यू जर्सीतच, हे खरं आहे. कॅलिफोर्नियाचा दर ऐकायला सगळ्यांत कमी. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळं मूळ कर १ टक्क्यावर बांधलेला आहे, वर स्थानिक कर्जरोखे फेडण्यासाठीचं थोडं. करासाठी धरलेली किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पण घर विकलं गेलं की नव्या मालकाला नव्या भावानं कर लागतो. त्यामुळं १९८५ साली घर घेतलेले आजोबा आणि त्यांच्या शेजारी आज घर घेणारा तू, यांच्या घरपट्टीत कित्येक पटींचा फरक असतो. सॅन होजेत १२,००,००० च्या घरावर १.२ टक्के धरले तरी १४,४०० होतात. दर सगळ्यांत कमी आणि खिशातनं जाणारे पैसे सगळ्यांत जास्त! म्हणून दर पाहू नकोस, महिन्याची रक्कम काढ.

इन्कम टॅक्सचंही सांगते, कारण तू सगळा भर त्याच्यावर दिलायस. तुझ्या पगारावर, जोडीनं रिटर्न भरलं तर, न्यू जर्सीचा राज्याचा कर वर्षाला साधारण साडेतीन हजार डॉलर होतो. तेवढेच टेक्सासमध्ये वाचतात. एवढ्या फरकासाठी घाईत घर घ्यावं असं मला वाटत नाही.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते, कारण हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. २०१२ च्या मे महिन्यात आम्ही कोरं घर घेतलं. टेक्सासमध्ये कर १ जानेवारीच्या स्थितीवर ठरतो, आणि १ जानेवारीला आमच्या प्लॉटवर घर नव्हतंच. त्यामुळं त्या वर्षी फक्त जमिनीचा कर लागला, अकराशेच्या आसपास. कर्ज देणाऱ्यांनी तोच आकडा धरून हप्ता बांधला. इथं बँक हप्त्यातच घरपट्टी आणि विम्याचे पैसे गोळा करते आणि परस्पर भरते, त्या खात्याला एस्क्रो म्हणतात. पुढच्या वर्षी पूर्ण घराचा कर लागला, साडेपाच हजारांच्या वर. २०१४ च्या फेब्रुवारीत पत्र आलं. मागची तूट बारा महिन्यांत भरा, आणि पुढच्या वर्षासाठीही वाढवून भरा. हप्ता एका महिन्यात साडेसातशे डॉलरनं वाढला. धाकटा तेव्हा पाच महिन्यांचा होता आणि मी बिनपगारी रजेवर होते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ते पत्र ठेवून आम्ही दोघं रात्री साडेअकरापर्यंत कुठला खर्च कापायचा ते लिहीत बसलो होतो. घर विकणाऱ्याला हे माहीत होतं, कर्जवाल्यालाही माहीत होतं. म्हणून नवीन घर बघशील तेव्हा 'मागच्या वर्षीचा कर किती' एवढंच विचारू नकोस. 'घर पूर्ण धरून कर किती होईल' हे विचार, आणि ते लेखी घे. नव्या वसाहतीत पाणी आणि ड्रेनेजसाठी काढलेल्या कर्जाचा वेगळा कर असतो, तोही विचार.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना लवकर कळेल. डॅलसची जमीन आपल्यासारखीच काळी आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. मिरजेकडच्या रानात पाय अडकेल एवढ्या भेगा तू पाहिल्या असशील, अगदी तशा. त्यामुळं घराचा पाया हलतो, दारं चौकटीत अडकायला लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथं लोक पायाच्या कडेनं झिरपणारी नळी लावून जमीन ओली ठेवतात, आम्हीही ठेवतो. जुनं घर घेताना पाया तपासणाऱ्या इंजिनिअरचे पैसे वाचवू नकोस. वर गारपीट. विम्यात गारांच्या नुकसानाचा पहिला वाटा आपला असतो, बऱ्याचदा घराच्या विमा रकमेच्या १ ते २ टक्के. म्हणजे छत बदलायचं झालं तर पहिले चार-आठ हजार तुझ्या खिशातनं.

आणि पूर. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. तेव्हापासून सांगलीत घर बघायला गेलं की कुणीही आधी 'पाणी कुठपर्यंत आलं होतं' हेच विचारतं. इथंही तेच विचार. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. तो विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेतला साधारणपणे घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे ढग दिसल्यावर धावून उपयोग नाही. २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टनमध्ये असा विमा नसलेली कितीतरी घरं बुडाली.

टेक्सासची एक गोष्ट मला मनापासून आवडते. करासाठी केलेलं घराचं मूल्यांकन पटलं नाही तर हरकत घेता येते, मुदत साधारण १५ मेपर्यंत. २०१६ ला मी स्वतः गेले. गल्लीतल्या तीन घरांचे विक्रीचे भाव आणि आमच्या भिंतीवरच्या भेगेचे फोटो, भेगेशेजारी फूटपट्टी धरून काढलेले. तिथल्या अधिकारी बाईनं फोटो मोठे करून पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि किंमत १८,००० नं उतरवली. पंधरा मिनिटांचं काम, वकील नाही की एजंट नाही.

आता भाड्याचं. भाडं म्हणजे वाया, हे डोक्यातनं काढ. टेक्सासमध्ये आणि न्यू जर्सीतही घरपट्टीचा निम्म्याच्या आसपास भाग शाळांना जातो, आणि मुलाला शाळा पत्त्यावरनं मिळते. भाड्याच्या घराचा पत्ताही चालतो. चांगल्या शाळेच्या हद्दीत दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलंस तर तुझी मुलगी त्याच बालवाडीत जाईल जिथं पाच लाखांच्या घरातली मुलं जातात. सुरुवातीला क्रेडिट स्कोअर नसेल, काही ठिकाणी पगाराच्या ऑफर लेटरवर भागतं, काही ठिकाणी जादा डिपॉझिट मागतात. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, टेक्सासमध्ये तशी मर्यादा नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. तू एच-१बी वर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर येतोयस. नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, त्यात दुसरी नोकरी शोधायची किंवा परत निघायचं. भाड्याचं घर थोडा दंड भरून सोडता येतं. विकत घेतलेलं घर साठ दिवसांत विकायचं म्हणजे मिळेल त्या भावाला द्यायचं, वर एजंटांचं कमिशन, ते दोन्हीकडचं मिळून बहुधा पाच-सहा टक्के. २०२३ च्या कर्मचारी कपातीत आमच्या ओळखीच्या एका कुटुंबावर ही वेळ आली. त्यांनी भरलेलं डाउन पेमेंट जवळजवळ सगळं गेलं, आणि तेही गावाकडचं शेत विकून आणलेलं होतं. म्हणून तुझ्या मेसेजमधलं प्लॉटचं वाक्य वाचून मला स्वस्थ बसवेना.

तरीही पुढं कधी बाबांना तिकडनं तुला पैसे पाठवायचे असतील तर आधी सांगलीतल्या सीएकडं जा. प्लॉटच्या नफ्यावर कर आहे. परदेशी पाठवण्याची मर्यादा माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. भेट म्हणून पाठवताना १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर अडकतो. आणि इथं तुला वर्षात १,००,००० डॉलरपेक्षा जास्त भेट भारतातनं आली तर कर नसला तरी इथल्या कर खात्याकडं फॉर्म ३५२० भरावा लागतो. तो विसरला तर दंड मोठा आहे.

तिघांत निवडायचं झालं तर या पगारावर सॅन होजे मी सोडून देईन. डॅलस आणि न्यू जर्सीत कामाचा विभाग जिथं चांगला, तिथं ये. ऑफिसचा पत्ता नक्की झाला की मला कळव, मी जवळच्या शाळांच्या हद्दी बघून ठेवते. आणि दोन वर्षांनी घर बघायला लागशील तेव्हा सही करायच्या आधी पत्ता पाठव. काउंटीच्या साइटवर प्रत्येक घराची घरपट्टी वर्षावार दिसते, आपण फोनवर सोबत बसून बघू. बाबांना माझा नमस्कार सांग, आणि प्लॉटच्या कुंपणाची तार तुटलीय असं आई म्हणत होती, ती जायच्या आधी दुरुस्त करून घे.