पन्नाशीआधी गोव्यात परतायचे असेल, तर हिशेब गोव्याचा मांडा

शारजात राहणाऱ्या, मूळच्या डिचोलीच्या एका ताईंचे लांबलचक पत्र आले आहे. यजमान चाळिशीला टेकलेत, नोकरी दुबईत. पन्नाशीच्या आत नोकरी सोडून गावी परतायचे असे त्यांनी ठरवले आहे आणि त्यासाठी घरात कडक काटकसर सुरू आहे. बाहेरचे खाणे बंद, पाव-बिस्किटेसुद्धा घरी, एसीचे तास ठरलेले. मुलगी सातवीत आहे, मुलगा तिसरीत. ताई लिहितात, "वाचतंय किती ते मला कळत नाही. मी मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघरातच असते. आणि गावी गेलं की सगळे विचारतात, इतकी वर्षं आखातात राहून अजून बंगला कसा नाही?"

ताई, यजमानांचा बेत चांगला आहे आणि तो साधण्यासारखाही आहे. पण काटकसर चुकीच्या टोकाकडून सुरू झाली आहे. आखातातल्या आपल्या घरांचा बहुतेक पैसा घरभाडे, मुलांच्या शाळेची फी, गाडी आणि गावच्या तिकिटांत जातो. या चारांना हात न लावता बिस्किटे घरी भाजली तर शिल्लक फारशी हलत नाही. थकते ती फक्त भाजणारी. एका खोलीने लहान घर, वर्षाचे भाडे कमी चेकांत देऊन घरमालकाकडून मिळवलेली सूट, दुसरी गाडी न घेणे, शाळेला सुट्टी लागताच जुलै-ऑगस्टमध्ये महाग होणारी तिकिटे खूप आधी काढणे, अशा निर्णयांनी वर्षाचे गणित बदलते. ते एकदा घ्यावे लागतात; रोज उठून मन मारावे लागत नाही.

आपल्या जुन्या घरांत काटकसर अशीच चालायची. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचे. खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), सोलां (आमसुले), मिरच्या, चिंच, उकडे तांदूळ, सगळे पावसाच्या आधी, स्वस्त आणि भरपूर असताना. त्यानंतर चार महिने रोज पैसा मोजत बसायची गरज पडत नसे. उन्हाळ्यात गावी येत असाल तर सोलां आणि मिरची वर्षाची घेऊन जा. तिथे इसवणाऐवजी (सुरमईऐवजी) बांगडा आणा. हुमणाला, आपल्या माशाच्या आमटीला, बांगडाच लागतो. पण वाढदिवसाचा केक मुलांना बाहेरचा हवा असेल तर आणू द्या.

आता मुख्य गोष्ट. किती पैसे जमले की थांबता येईल, हा आकडा तुमच्या शारजाच्या खर्चावरून काढायचा नसतो. जिथे राहणार तिथल्या खर्चावरून काढायचा. या खेपेला चतुर्थीला आलात की दीर-जावांबरोबर बसून एका घराचा पूर्ण वर्षाचा खर्च लिहून काढा. दूध, मासळी, वीज, गॅस, स्कूटर हे सगळ्यांना आठवते. विसरतात ते असे: चवथीची माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळा-फुलांची सजावट) आणि पाहुणे, देवळाची वर्गणी, लग्नांतले आहेर, पावसाआधीची कौलांची डागडुजी, गाडीचा विमा, दात आणि चष्मे.

समजा, महिन्याचा खर्च 60 हजार आला आणि वर्षातून एकदा-दोनदा येणारे हे खर्च 2 लाख 80 हजार. म्हणजे वर्षाचे 10 लाख. विल्यम बेंगेन या अमेरिकी वित्त सल्लागाराने 1994 साली जुनी आकडेवारी तपासून दाखवले होते की पहिल्या वर्षी जमा रकमेतले 4 टक्के काढले आणि पुढे महागाईइतकी वाढ करत गेले, तर पैसे 30 वर्षे पुरले. वर्षाच्या खर्चाच्या 25 पट जमवा, हा सल्ला तिथूनच आला. तो हिशेब अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांचा, तोही 30 वर्षांचा. तुमच्या यजमानांना 49 व्या वर्षी थांबायचे तर निदान 40 वर्षांची सोय हवी, आणि आपल्याकडची महागाई जास्त. म्हणून मी 35 पट धरायला सांगते. 10 लाखांचे झाले साडेतीन कोटी, आजच्या रुपयांत.

आकडा ऐकून घाबरू नका, पुढचा भाग बघा. आज तुमच्याकडे 1 कोटी जमलेले असतील, महागाई वजा जाता गुंतवणूक 3 टक्क्यांनी वाढेल असे धरले आणि 10 वर्षे हातात असतील, तर दरवर्षी सुमारे 18 लाख 80 हजार बाजूला टाकावे लागतील. गोव्यातला खर्च 10 ऐवजी 8 लाखांत बसवता आला, तर हीच रक्कम 12 लाख 70 हजारांवर येते. गोव्यातल्या महिन्याच्या खर्चातले 1,000 रुपये कमी झाले, की जमवायच्या रकमेतले 4 लाख 20 हजार कमी होतात. म्हणून गावी कसे राहणार हे आताच ठरवा, आणि जमेल तेवढे तसेच शारजात राहायला लागा. तिथल्या राहणीची सवय झालेल्या कुटुंबाला पन्नाशीला गोव्यात एकदम हात आखडता येत नाही.

या रकमेत मुलांचे शिक्षण धरू नका, ते वेगळे. यजमान थांबतील तेव्हा मुलगा बारावी संपवून कॉलेजच्या दारात असेल. गोव्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागांना वास्तव्याच्या अटी असतात. मुलीसाठी त्या अटी आताच वाचून ठेवा.

बंगल्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत आखाताच्या पैशांतून उभी राहिलेली, वर्षातले अकरा महिने कुलूप असलेली घरे तुम्हीही पाहिली असतील. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. बंद घरात ओल चढते, लाकडाला वाळवी लागते, दर दोन-तीन वर्षांनी रंग आणि गळतीचा खर्च येतो, शिवाय लक्ष ठेवणाऱ्याला पैसे द्यावे लागतात. बंगल्यात घातलेला पैसा त्या 10 वर्षांत एक रुपयाही मिळवून देत नाही, उलट खातो. परतायच्या आधी शेवटच्या दोन वर्षांत बांधा, नाहीतर वडिलोपार्जित घरातला आपला भाग दुरुस्त करा. सासरी विचारतील तेव्हा सरळ सांगा, "आम्ही राहायला येणार आहोत, तेव्हा बांधू."

वडिलोपार्जित घराचे मात्र आताच बघा. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, कोणाकोणाची नावे आहेत ते पाहा. आजोबांच्या नावावर राहिलेले घर असेल तर वाटणीसाठी इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारस आणि मालमत्ता ठरवून वाटणी करण्याचा, दावा लागतो, त्यात वर्षे जातात, आणि ज्यांना सगळे वारस तोंडपाठ आहेत अशी माणसे एकेक करून कमी होत असतात. दर सुनावणीला विमानाने येणे परवडत नाही. भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र भावाच्या नावे द्या. आणखी एक. यजमानांच्या मनात कुळागर (सुपारी-नारळाची बाग) घ्यायचे असेल तर ते आज शक्य नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. गोव्यात 2023 च्या कायद्याने शेतजमिनीच्या हस्तांतरणावर वेगळे निर्बंधही आहेत.

पैसे कुठे ठेवायचे याबद्दल थोडक्यात. सगळे एनआरई मुदत ठेवीत (अनिवासी भारतीयांसाठीच्या रुपयांतल्या ठेवीत) ठेवू नका. त्या व्याजावर आपल्याकडे कर नाही, पण तो तुम्ही अनिवासी असेपर्यंतच. आणि महागाई 6 टक्के राहिली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो. इतक्या लांबच्या निवृत्तीला नुसती ठेव पुरत नाही. काही भाग इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, हवा. नवे पीपीएफ खाते अनिवासी असताना उघडता येत नाही, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) मात्र उघडता येते. कंपनीच्या ग्रॅच्युइटीवर फार विसंबू नका: संयुक्त अरब अमिरातीत ती मूळ पगारावर मोजतात, पहिली पाच वर्षे वर्षाला 21 दिवसांचा पगार आणि पुढे 30 दिवसांचा. परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षे बाहेरच्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही अशी सवलत बहुतेकांना मिळते. त्यासाठी परतीची तारीख ठरवण्याआधीच सीएला भेटा.

आरोग्य विमा घ्यायला मात्र परत येईपर्यंत थांबू नका. नोकरीबरोबर कंपनीचा विमा जातो आणि पन्नाशीत नवी पॉलिसी महाग पडते. आधीपासून असलेल्या आजारांसाठी इथल्या पॉलिसीत जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असते. आज भारतात पॉलिसी घेतली तर ती प्रतीक्षा तुम्ही तिथे असतानाच संपेल. बांबोळीचे गोमेकॉ (सरकारी गोवा मेडिकल कॉलेज) आहे, राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही आरोग्य विमा योजना आहे, पण त्या योजनेला गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते. परतल्या परतल्या ती तुमच्या कामाची नाही.

आता तुमच्याबद्दल. "वाचतंय किती ते मला कळत नाही" हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागले. गोव्याच्या दिवाणी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. ज्या पैशांतला अर्धा भाग तुमचा आहे, त्याचा हिशेब तुम्हाला माहीत नसणे बरोबर नाही. येत्या रविवारी दोघे एकत्र बसा. सगळी खाती, नामांकने, विम्याची कागदपत्रे तुमच्यासमोर यायला हवीत. घरात केल्या जाणाऱ्या प्रत्येक कामाला किती तास लागतात आणि त्यातून किती दिरहम वाचतात, हे शेजारी शेजारी लिहा. ज्या कामांतून फार थोडे वाचते ती बंद करा, किंवा यजमान आणि मुलांत वाटून द्या. ते तास तुम्हाला नोकरीसाठी, शिकवण्यांसाठी की नुसत्या विश्रांतीसाठी वापरायचे आहेत, हे तुम्ही ठरवा. आणि दरमहा तुमच्या नावावर वेगळी रक्कम जाऊ द्या; ती लहान असली तरी चालेल, पण दर महिन्याला न चुकता जायला हवी.