तगरचा माल भडोचलाच का जायचा?

प्रश्न (एक वाचक, कळंब): धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजेच जुनं तगर, हे ठरवलं कशावरून? आणि तेरहून कोकण जवळ असताना माल गुजरातेत भडोच बंदराला का न्यायचे?

उत्तर: इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, असं दिलंय. नकाशावर पट्टी ठेवून बघा. भडोच-पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किमी, पैठण-तेर १५०. रोजची मजल १५ ते साडेसतरा किमी पडते. वाटेची वळणं धरली की २०च्या आसपास. भरल्या बैलगाडीची चाल हीच. काही जुने अभ्यासक दौलताबादला तगर मानत, पण ते पैठणच्या उत्तरेला, जेमतेम तीन-चार मुक्कामांवर. १९०१ मध्ये कोरीव लेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी तेरची बाजू मांडली आणि ती टिकली. एवढं खरं, की तेर पैठणच्या नेमकं पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे.

आता भडोच. तगरहून जायचं ते मुख्यतः कापड: साधं जाडंभरडं आणि तलम मलमलही. गाडीतून जाणारा हा माल. कोकणात उतरायचं तर सह्याद्रीचा कडा आडवा. नाणेघाटासारख्या दगडी पायऱ्यांवरून गाडी उतरत नाही. घाटमाथ्यावर गठ्ठे सोडा, लहान बांधा, जनावरांच्या पाठीवर लादा, खाली पुन्हा भरा. भडोचच्या वाटेवर अजिंठ्याची रांग ओलांडली की खानदेशातून तापीच्या खोऱ्याने पुढे जाता येतं. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याचं, दान कोरलेलं आहे, ते याच बाजूला. तरी ही वाट म्हणजे सडक नव्हे. रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून गाड्या येतात, असं पेरिप्लसच सांगतो.

दुसरं कारण राजकारणाचं. त्या काळात कल्याण बंदरावर अडवणूक होती. चुकून तिथे शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला धाडत.

हंगामही सांभाळावा लागे. जहाजं इजिप्तहून जुलैत निघून पावसाळी वाऱ्यावर येत. इकडे त्याच दिवसांत रेगडात, म्हणजे काळ्या चिकट मातीत, चाक आसापर्यंत रुतणार. दसऱ्याच्या सुमारास जमीन वाळल्यावर तेरहून निघालं, तर ३० दिवसांनी भडोच. उलट्या वाऱ्यावर परतणारी जहाजं तेव्हा गाठता येत. हा मात्र आमचा हिशोब, पेरिप्लसचा नव्हे.

प्रश्न (एक वाचक, तेर परिसर): पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, पावसानंतर जुने मणी वर येतात. ते विकत घ्यावेत का?

उत्तर: नका घेऊ. मण्याचं वय कळतं ते तो कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत होता यावरून. खिशात गेला की तो नुसता रंगीत दगड. जागेचा फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. मणी पाहायचेच असतील तर तेरचं लामतुरे संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती बाहुलीही बघा. इटलीत पॉम्पेईला, इसवी सन ७९च्या राखेखाली, तिच्या जातकुळीची मूर्ती सापडली आहे.