आयर्लंडच्या निसर्गदृश्यांचे फोटो जिगसॉ पझलवर आणि पत्त्यांवर छापून भेट द्यायचे आहेत. कोणते फोटो निवडावेत?

तुमचे दादा-वहिनी काही वर्षे कॉर्कला राहून आता पुण्याला परतले आहेत; त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आयर्लंडमधल्या निसर्गदृश्यांचे एक जिगसॉ पझल आणि एक पत्त्यांचा कॅट छापून द्यावा असे तुमच्या मनात आहे, आणि त्यासाठी कोणते फोटो निवडावेत व छपाईत काय पाहावे, असे तुम्ही विचारले आहे. मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ राहते, फोटो काढण्याची मला मनापासून आवड आहे आणि नात्यातल्या माणसांसाठी अशा भेटवस्तू मी बऱ्याचदा छापून घेतल्या आहेत. माझे सांगणे मुख्यतः एकच आहे: आधी वस्तू डोळ्यांसमोर ठेवा आणि मग फोटो निवडा. भिंतीवर देखणा दिसणारा फोटो पझलमध्ये कंटाळवाणा ठरू शकतो, आणि पझलसाठी उत्तम असलेला फोटो पत्त्याच्या आकारात आला की त्यात काय आहे हेच कळेनासे होते.

पझलचे गणित आधी पाहू. १००० तुकड्यांचे पझल जोडून झाल्यावर साधारण ७० × ५० सेंटीमीटर भरते, म्हणजे एकेका तुकड्याच्या वाट्याला चित्राचा जेमतेम दोन सेंटीमीटरचा चौकोन येतो. त्या चौकोनात रंगाचा, रेषेचा किंवा पोताचा काही धागा सापडला तरच जोडणाऱ्याचा हात पुढे सरकतो. आयर्लंड म्हटले की बहुतेकांना आधी आठवतात ते क्लेअर काउंटीतले मोहरचे कडे. अटलांटिक महासागरातून सरळ उभे राहिलेले, सर्वांत उंच जागी २१४ मीटर भरणारे हे कडे प्रत्यक्षात छाती दडपून टाकतात, यात शंका नाही. पण त्यांच्या नेहमीच्या फोटोत वरचा अर्धा भाग आकाशाचा आणि खालचा बराचसा भाग पाण्याचा असतो. अर्धे चित्र आकाश असेल तर जवळपास ५०० तुकडे एकाच राखाडी-निळ्या रंगाचे निघतात, आणि असे पझल काही दिवस टेबलावर पसरून राहते व शेवटी माळ्यावर जाते. मोहर हवेच असेल तर दुपार उलटून गेल्यावर काढलेला फोटो शोधा, कारण कड्यांचे तोंड पश्चिमेला आहे आणि सकाळी ते स्वतःच्याच सावलीत असतात. उतरत्या उन्हात खडकाचे एकावर एक रचलेले आडवे थर स्पष्ट होतात, कपारींतले गवत उजळते आणि १८३५ साली बांधलेला ओब्रायन टॉवर उठून दिसतो. अशा फोटोतले आकाश वरून कापून चित्राच्या पाचव्या हिश्शाएवढेच ठेवावे.

तुमच्या दादा-वहिनींसाठी मात्र मी मोहर घेणारच नाही. मी कोव्ह घेईन. कॉर्क शहरातून रेल्वेने सहज जाता येणारे हे बंदराचे गाव कॉर्कला काही वर्षे राहिलेल्या माणसाने पाहिलेले नाही, असे सहसा होत नाही. तिथे एका तीव्र उताराच्या रस्त्यालगत निळी, पिवळी, गुलाबी, हिरवी अशी एकमेकांना जोडून बांधलेली घरे पायऱ्यांसारखी खाली उतरत जातात, आणि त्यांच्या मागे सेंट कोलमन कॅथेड्रलचा करडा, टोकदार मनोरा उभा असतो. सर्वांत खालचे घर पडले तर वरची सगळी त्याच्यामागे कोसळतील, या कल्पनेवरून स्थानिक लोक या घरांना ‘पत्त्यांचा कॅट’च म्हणतात, त्यामुळे तुमच्या दोन्ही भेटी एकमेकींना शोभतील. पझलच्या दृष्टीने हे दृश्य फार समृद्ध आहे. प्रत्येक घराचा रंग वेगळा असल्यामुळे तुकड्यांचे ढीग आपोआप पडतात. खिडक्यांच्या पांढऱ्या चौकटी, छपरांच्या कडा आणि धुराड्यांवरची मातीची नळकांडी यांच्यामुळे जवळजवळ प्रत्येक तुकड्याला स्वतःची ओळख मिळते. आणि ज्यांना कस लावायचा आहे त्यांच्यासाठी कॅथेड्रलच्या कोरीव दगडात पुरेसे कठीण काम उरते. त्या कॅथेड्रलचे बांधकाम १८६८ मध्ये सुरू झाले आणि १९१९ मध्ये पूर्ण झाले, यावरून त्या दगडावर किती हात फिरला असेल याची कल्पना येईल. मनोऱ्यामागे ढगांत उजेड आणि सावली दोन्ही असलेला फोटो निवडा. सपाट पांढऱ्या आभाळापेक्षा असे ढग जोडणाऱ्याला कितीतरी अधिक आधार देतात, आणि आयर्लंडच्या आभाळात त्यांची वाण नसते.

दुसरा पर्याय म्हणून कॉनेमारातील कायलमोर ॲबी घेता येईल. मिचेल हेन्री या गृहस्थांनी १८६७ ते १८७१ या काळात राहण्यासाठी बांधलेला हा वाडा १९२० पासून बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींचा (नन) मठ आहे, आणि वारा पडलेल्या दिवशी त्याचे संपूर्ण प्रतिबिंब समोरच्या तळ्यात उतरते. दोघांनी मिळून जोडायला हे चित्र छान आहे, कारण एकाने वाडा आणि दुसऱ्याने प्रतिबिंब अशी वाटणी करता येते. उत्तरेकडचा जायंट्स कॉजवे, म्हणजे सुमारे ४०,००० बेसाल्ट खांबांचा किनारा, १००० तुकड्यांत फार अवघड जातो. तो ५०० तुकड्यांत घ्यावा. तो उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये येतो, तेव्हा खोक्यावर देशाचे नाव छापताना याचे भान ठेवावे. घरात लहान मुले असतील तर आयर्लंड बेटाच्या ३२ काउंटींच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, नकाशाचे पझलही चांगले. पझलचा उगमच तसा आहे, कारण १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी याने मुलांना भूगोल शिकवण्यासाठी लाकडावर चिकटवलेले नकाशे कापून विकले होते.

पत्त्यांचा विचार मात्र अगदी उलट बाजूने करावा लागतो. पोकर आकाराचा पत्ता ६३ × ८८ मिलिमीटरचा असतो आणि ब्रिज आकाराचा ५७ × ८८ मिलिमीटरचा. त्यातून कोपऱ्यांतले आकडे आणि चिन्हे यांची जागा वजा केली की फोटोला फारच थोडे उरते. कोव्हच्या घरांची अख्खी रांग इथे रंगीत ठिपक्यांपलीकडे जात नाही. पत्त्यावर एकच विषय हवा आणि तोही शक्यतो उभा: विकलो डोंगरातील ग्लेंडालॉखचा सुमारे ३० मीटर उंचीचा गोल मनोरा, वेक्सफर्डमधले काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे हुक दीपगृह, मोनास्टरबॉइसचा कोरीव दगडी क्रूस, डोनेगलमधले फॅनाड दीपगृह किंवा डब्लिनमधला एखादा लाल दरवाजा, ज्याच्यावर अर्धगोल काचेची झडप आहे. आडवे निसर्गदृश्य फारच आवडले असेल तर त्याचा एक उभा तुकडा कापून पाहा, आणि तो हातभर अंतरावरून ओळखू आला तरच ठेवा.

५२ फोटो जमवायचे म्हटले की माणूस गोंधळतो. मला त्यावर एक मांडणी फार आवडते. आयर्लंडचे परंपरेने चार प्रांत आहेत: लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर. पत्त्यांचे रंगही चारच, तेव्हा प्रत्येक प्रांताला एक रंग आणि प्रत्येकी तेरा फोटो द्यावेत. कॉर्क मन्स्टरमध्ये आहे, म्हणून बदाम मन्स्टरला द्या; इस्पिक अल्स्टरला, किलवर कॉनॉटला आणि चौकट लेन्स्टरला. तुमच्या घरी बदाम सात खेळत असतील तर ही मांडणी विशेष खुलते, कारण रमीत पत्ते हातात पंख्यासारखे धरलेले असतात आणि फोटोंच्या केवळ कडा दिसतात, तर बदाम सातमध्ये एकेक रंग क्रमाने टेबलावर उलगडत जातो आणि डाव संपेपर्यंत चारही प्रांत समोर मांडलेले असतात. या खेळात बदामाची सत्ती सर्वांत आधी पडते, तेव्हा त्या पत्त्यावर त्या दोघांच्या सर्वांत जिव्हाळ्याच्या जागेचा फोटो ठेवा. ती जागा किन्सेलचे बंदर असेल, गुगान बाराच्या तळ्यातले छोटे प्रार्थनामंदिर असेल किंवा ते राहत होते त्या गल्लीचा कोपराही असेल. दादांना किंवा वहिनींना कळू न देता हे काढून घेणे तुमच्याकडे लागले. दोन जोकरांपैकी एकावर स्केलिग मायकल बेटावर उन्हाळ्यात येणारा, नारिंगी चोचीचा पफिन पक्षी आणि दुसऱ्यावर कॉनेमाराचे गाढव शोभून दिसेल.

आकडे आणि चिन्हे थेट फोटोवर छापू देऊ नका. काळ्या कातळावर काळी इस्पिक आणि फुललेल्या झुडपावर लाल चौकट संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही, आणि खेळताना वाचता न येणारा कॅट पहिल्याच डावानंतर कपाटात जातो. दोन्ही कोपऱ्यांत लहानसा पांढरा चौकोन सोडून त्यात आकडा घ्यावा. पत्त्यांच्या पाठीवर अखंड निसर्गदृश्य छापण्याचा मोहही टाळावा, कारण आकाश वर आणि जमीन खाली असलेल्या पाठीवरून कोणता पत्ता उलटा झाला आहे हे लगेच ओळखता येते. फोटोचाच अर्धा भाग घेऊन तो दुसऱ्या अर्ध्यात १८० अंशांनी फिरवून जोडला की पाठ कशीही धरली तरी सारखीच दिसते.

रंगांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आयर्लंडचा फोटो म्हणजे बव्हंशी हिरवा फोटो. पडद्यावर दिसणारा झगझगीत हिरवा रंग छपाईच्या चार शायांत पूर्णपणे उतरत नाही; तो मलूल होतो, आणि मग तो भरून काढण्यासाठी लोक फोटोतले रंग वाढवत सुटतात. आयर्लंडमध्ये या वाढवलेल्या रंगांची एक जुनी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये १९१६ साली जन्मलेले जॉन हाइंड यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे रंगीत पोस्टकार्डांचा व्यवसाय सुरू केला. निळे आकाश अधिक निळे करून घेणे आणि रिकाम्या अग्रभागात फुललेल्या रोडोडेंड्रॉनच्या फांद्या आणून ठेवणे ही त्यांची पद्धत होती. पीट, म्हणजे जळणासाठी वापरली जाणारी दलदलीतली वाळवलेली माती, वाहणाऱ्या गाढवाजवळ उभ्या असलेल्या लाल केसांच्या दोन मुलांचे त्यांचे पोस्टकार्ड जगभर गेले. ती पोस्टकार्डे मला आवडतात, त्यांच्यात एक उत्सवी आनंद आहे, पण जे लोक तिथे राहून आले आहेत त्यांना पाऊस पडून गेल्यानंतरचा ओला, किंचित करडा हिरवा रंग ठाऊक असतो आणि तोच त्यांना आपलासा वाटतो. म्हणून फोटोतले रंग वाढवू नका, फक्त तो थोडा उजळ करा. छपाईत फोटो पडद्यापेक्षा काळवंडतोच.

फाइलच्या बाबतीत एक सोय आहे. ७० × ५० सेंटीमीटरचे पझल आणि ६३ × ८८ मिलिमीटरचा पत्ता या दोहोंचे प्रमाण जवळजवळ ७:५ असेच येते, त्यामुळे त्याच प्रमाणात कापलेला फोटो एकीकडे आडवा आणि एकीकडे उभा वापरता येतो. पत्त्यासाठी कडेला सर्व बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचा भाग ठेवावा, कारण कापताना सुरी थोडी इकडेतिकडे सरकते. पझलसाठी ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो उत्तम आणि ४००० पिक्सेलचा चालण्यासारखा असतो. व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो मात्र पत्त्याला पुरेल, पझलला मुळीच पुरणार नाही. म्हणून ज्यांच्याकडून फोटो मागवाल त्यांना तो डॉक्युमेंट म्हणून मूळ आकारात पाठवायला सांगा. इंटरनेटवर सापडलेला कोणाचाही फोटो उचलू नका. विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याचे मोठे फोटो मिळतात, त्यांच्या परवान्याप्रमाणे छायाचित्रकाराचे नाव खोक्यावर छापायला हवे. पण दादा-वहिनींनी किंवा त्यांच्या तिकडच्या मित्रांनी काढलेले फोटो मिळाले तर त्याहून चांगले काही नाही.

पझल चकचकीत नको, मॅट किंवा लिनन कापडासारख्या पोताचे घ्यावे, नाहीतर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडून तुकडे पाहताना डोळ्यांवर ताण येतो. पुठ्ठा सुमारे २ मिलिमीटर जाड असावा. मागणीनुसार छापलेली पझले पुष्कळदा साध्या पिशवीत किंवा डब्यात येतात आणि समोर ठेवायला चित्रच नसते, म्हणून तोच फोटो पोस्टकार्डाच्या आकारात वेगळा छापून आत ठेवा, आणि पत्त्यांसोबत कोणत्या पत्त्यावर कोणती जागा आहे त्याची मराठीत लिहिलेली यादी द्या. वाढदिवसाला पुरेसा अवधी ठेवून आधी एकच नमुना मागवा, आणि पत्ते पिसून, वाटून, रात्रीच्या दिव्याखाली एक डाव खेळून पाहिल्यावरच अंतिम मागणी नोंदवा.