खासगी आयुष्य भिंतीवर कशाला मांडायचं? झनेले मुहोलींचं प्रदर्शन पाहिल्यावर

तुम्ही विचारलंय की कृष्णवर्णीय क्वीअर (म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे) लोकांवरची फोटोंची आणि फिल्मची प्रदर्शनं परदेशात सारखी लागतात, तर कुणाचं खासगी आयुष्य असं भिंतीवर कशाला मांडायचं, आणि तिथे जाऊन पाहायचं तरी काय?

मी लंडनमध्ये राहते. छायाचित्रकार झनेले मुहोली यांचं इथल्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातलं प्रदर्शन मी २०२४ मध्ये दोनदा पाहिलं, एकदा एकटीने आणि एकदा आईबरोबर. त्यावरून सांगते.

मुहोलींचा जन्म १९७२ चा, दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळच्या उमलाझी वस्तीतला. इंग्रजीत ते स्वतःसाठी 'ती'ही वापरत नाहीत आणि 'तो'ही नाही, अनेकवचन वापरतात. मराठीत आपलं आदरार्थी 'ते' त्यासाठी आयतंच आहे.

आधी खासगीपणाचं बोलू. लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही, हे राज्यघटनेत लिहिणारा दक्षिण आफ्रिका हा जगातला पहिला देश. साल १९९६. समलिंगी लग्नाचा कायदा २००६ मध्ये आला. आणि त्याच काळात तिथल्या वस्त्यांमध्ये लेस्बियन मुलींवर 'सरळ करतो' म्हणत बलात्कार होत होते, खून पडत होते. गल्लीला ठाऊक होतं कोण कोण आहे ते. म्हणजे या मुलींना खासगीपणा मुळात मिळालाच नव्हता. बातमीत नाव यायचं ते त्या गेल्यावर. मुहोलींनी २००६ पासून त्यांचे जिवंतपणी फोटो काढायला घेतले, त्यांना विचारून, त्यांना हवे तसे. ज्यांचे फोटो काढतात त्यांना ते 'सहभागी' म्हणतात.

या मालिकेचं नाव 'फेसेस अँड फेझेस'. फोटो कृष्णधवल आहेत, बहुतेक कमरेपासून वरचे, आणि माणूस थेट तुमच्याकडे बघत असतो. कुणी इस्त्रीचा शर्ट घातलाय, कुणी कोट. हसणारं क्वचितच कुणी. आतापर्यंत पाचशेहून जास्त फोटो झालेत. टेटमध्ये त्यातले कितीतरी एका भिंतीवर ओळीने लावले होते. एकेका चेहऱ्याकडे बघत पुढे सरकावं, तर मागचा चेहरा पाठीवर जाणवत राहतो. मी शाळेच्या सामूहिक फोटोत ओळखीचं कुणी शोधावं तशी बघत होते. नाव, गाव, साल एवढंच लिहिलेलं असतं. बुसी सिगासा, ब्राम्फोन्टेन, २००६. बुसी कवयित्री होती. तिच्यावरही असाच बलात्कार झाला, त्यातून एचआयव्ही झाला, आणि फोटोनंतर वर्षभरातच ती गेली.

त्या ओळींमध्ये मध्येच जागा मोकळ्या सोडलेल्या आहेत. काही पुढच्या फोटोंसाठी, काही आता नसलेल्यांसाठी.

फिल्मचं म्हणाल तर वेगळ्या दालनात पडद्यांवर यांतलेच काही जण बोलत होते. घर, नोकरी, प्रेम, मारहाण. मी तिथे पाऊण तास बसले. भिंतीवर गप्प असलेल्या माणसांचा आवाज ऐकला आणि परत भिंतीपाशी गेले, तेव्हा तेच फोटो वेगळे दिसले. म्हणून कुणी जाणार असेल तर मी हाच क्रम सांगते: भिंत, मग फिल्म, मग पुन्हा भिंत.

मुहोलींचे स्वतःचे फोटोही आहेत. त्या मालिकेचं नाव झुलू भाषेत आहे, 'सोम्न्यामा न्गोन्यामा', म्हणजे काळ्या सिंहिणीला वंदन. फोटोत ते आपल्या त्वचेचा रंग मुद्दाम आणखी गडद करतात, आणि डोळे पांढरेशुभ्र चमकतात. त्यांची आई बेस्टर एका गोऱ्या कुटुंबाकडे कित्येक दशकं घरकाम करत होत्या. त्यांच्या नावाने काढलेल्या २०१५ च्या एका फोटोत मुहोलींच्या डोक्यावर मुकुट आहे, कानात डूल आहेत, आणि या दोन्ही गोष्टी कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांचे. राणीसारखी ऐट. आधी मुकुटच दिसतो, चिमटे मागाहून लक्षात येतात. प्रदर्शनात मला सगळ्यात आवडलेला फोटो हाच.

हे काम सुखासुखी झालेलं नाही. २००९ मध्ये जोहान्सबर्गच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवर एका प्रदर्शनात मुहोलींचे फोटो पाहून कला-संस्कृती खात्याच्या मंत्री भाषण न करताच निघून गेल्या. देशाचं घटना न्यायालय याच टेकडीवर आहे. २०१२ मध्ये मुहोलींच्या केपटाऊनच्या घरातून वीसहून जास्त हार्ड ड्राइव्ह चोरीला गेले, कित्येक वर्षांचं काम त्यांत होतं. त्यानंतरही ते फोटो काढत राहिले.

दुसऱ्या खेपेला आई साताऱ्याहून आली होती. तिला 'क्वीअर' शब्द मी बसमध्ये समजावला होता, थोडा अडखळतच. चिमटे तिने माझ्याआधी ओळखले. भिंतीपाशी ती मला एकेक नाव वाचायला लावत होती, "ही पोरगी कुठली गं?" असं विचारत. मग एका मोकळ्या जागेसमोर थांबली. "इथला फोटो काढला का?"

मी सांगितलं. ती काही बोलली नाही. पर्स खांद्यावर नीट घेतली आणि ओळीच्या सुरुवातीला परत गेली.