रक्तसाक्षी म्हणजे हुतात्माच का?

वसईकडच्या एका चर्चच्या सणाच्या पत्रकात 'रक्तसाक्षी संत' असे शब्द वाचून एका वाचकाने विचारलंय: रक्तसाक्षी म्हणजे खून डोळ्यांनी पाहिलेला माणूस का? आणि अर्थ 'हुतात्मा' असाच असेल, तर वेगळा शब्द कशाला?

गफलत समास सोडवताना होते. 'रक्ताचा साक्षी' नव्हे, 'रक्ताने साक्ष देणारा'. या शब्दामागे ग्रीक 'मार्तुस' आहे आणि त्याचा मूळ अर्थ अगदी साधा, कोर्टात उभा राहणारा साक्षीदार. 'तुम्ही माझे साक्षी व्हाल' असं येशू शिष्यांना सांगतो, तिथे मुळात हाच शब्द आहे आणि मरणाचा विषयही नाही. पुढे साक्ष देणं आणि जीव गमावणं इतकं एक झालं, की दुसऱ्या शतकात शब्दाचा अर्थच सरकला. मराठीने 'रक्त' जोडलं, पण 'साक्षी' सोडला नाही. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो तो यासाठीच.

कारण रोमन काळात ख्रिस्ती लोकांवरच्या खटल्यांत सगळं एका वाक्यावर ठरायचं. इ.स. 112च्या सुमारास बिथुनिया (आजच्या तुर्कस्तानातला) प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहून आपली पद्धत कळवली. आरोपीला तीनदा विचारायचं, 'तू ख्रिस्ती आहेस का?' तिन्ही वेळा 'हो' म्हणाला तर मरण. 'नाही' म्हणून सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य वाहिलं, ख्रिस्ताला शिव्याशाप दिले, की सुटका. त्राजानने ही पद्धत मान्य केली. चोराला मारतात ते गुन्हा कबूल करावा म्हणून, आणि आम्हाला मारतात ते नाकारावं म्हणून, हा तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाचा संताप यातूनच आलेला.

इ.स. 177 साली गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) लियों शहरात सांक्तुस नावाच्या डीकनचे, म्हणजे चर्चमधल्या सेवकाचे, हाल केले. नाव काय, गाव कुठलं, गुलाम की स्वतंत्र, असं विचारत गेले. प्रत्येक प्रश्नाला त्याचं लॅटिनमध्ये एकच उत्तर: 'मी ख्रिस्ती आहे.' अंगाला तापलेले पितळी पत्रे लावले तरी नावगाव सांगितलं नाही. साक्ष याहून नेमकी कशी देणार?

त्याच लियोंच्या बंदिवानांनी या शब्दावर वादही घातलाय. तुरुंगात, अंगावर भाजल्याच्या खुणा असताना, कुणी पत्रात किंवा बोलण्यात त्यांना 'साक्षी' म्हटलं की ते रागवायचे. खरा साक्षी ख्रिस्त, आणि त्याच्यामागून जे प्राण देऊन गेले ते. आम्ही नुसते कबुली देणारे. पुढे चर्चमध्ये हा भेद पक्का झाला. छळ सोसूनही जिवंत राहिलेल्यांसाठी वेगळा शब्द आला. माझ्या मते त्यांच्यासाठी मराठीत 'विश्वासाची कबुली देणारे' असं सरळ म्हणावं.

आता 'हुतात्मा'. हा शब्द सावरकरांनी रूढ केला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर तो घराघरांत पोचला. 'हुत' म्हणजे होमात अर्पण केलेलं, म्हणजे इथे भर आहुतीवर आहे. ख्रिस्ती माणसाला तो वापरला तर चूक नाही. स्मुर्णाचा वृद्ध बिशप पोलिकार्प चितेवर उभा राहिला, तेव्हा देवाने आपल्याला अर्पण म्हणून स्वीकारावं अशीच प्रार्थना त्याने केली होती. पण 'हुतात्मा' म्हटल्यावर तो काय बोलला, हे ऐकू येत नाही. 'शहीद'चं मूळ मात्र अरबीत साक्षीचंच, 'शाहिद' त्याच धातूतला. मराठीत तो लष्करी बातम्यांतून इतका आलाय की ते मूळ पुसलं गेलंय.

पत्रकातले संत बहुधा गोन्सालो गार्सिया असावेत. वसईचे, फ्रान्सिस्कन संघातले व्रतस्थ बंधू. जपानी उत्तम यायची, म्हणून 1593 साली मनिलाहून जपानला गेलेल्या मिशनऱ्यांचे ते दुभाषी होते. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना ऐन थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकलं. त्यांतले वीस जपानी होते आणि सगळ्यांत धाकटा अवघा बारा वर्षांचा होता. दुसऱ्यांचे शब्द पोचवणाऱ्या माणसाने शेवटी स्वतःची साक्ष दिली. त्यांच्यासाठी 'बळी गेले' असं लिहिलेलं मला खटकतं. बळी कोणीही जातो, त्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

वापराबद्दल इतकंच: 'रक्तसाक्षी' बाई-पुरुषांना सारखाच आणि अनेकवचनही तेच, 'सव्वीस रक्तसाक्षी'. माणूस 'रक्तसाक्षी होतो', तो 'रक्तसाक्ष देतो'. 'रक्तसाक्षीदार' मात्र करू नका, तिथे पुन्हा खून पाहणाराच डोळ्यांपुढे येतो.