वादचर्चा जिंकली, मग मतं का नाही वाढली?

प्रश्न : अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांची टीव्हीवर वादचर्चा झाली, की दुसऱ्या दिवशी जनमत चाचणीचे आकडे हलतात. मतदार खरंच इतक्या पटकन फिरतो का? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : फार थोडा. बघणारे बहुतेक जण आपला उमेदवार आधीच ठरवून बसलेले असतात. आकडे हलतात त्यामागे दुसरीच गोम असते. ज्याचा उमेदवार अडखळला, तो समर्थक हिरमुसतो आणि चाचणीवाल्यांचा फोन घेत नाही. समोरच्या बाजूचे मात्र हौसेने बोलतात. मत तेच, नमुना (म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा गट) बदलला. त्यात हजारेक लोकांच्या चाचणीत प्रत्येक उमेदवाराच्या आकड्यात ३ टक्के इकडेतिकडे धरावेच लागतात, आणि दोघांमधल्या आघाडीत जवळपास दुप्पट. म्हणजे २ टक्क्यांची ‘उसळी’ ही उसळी नव्हेच.

‘कोण जिंकलं?’ आणि ‘मत कुणाला?’ हे प्रश्न वेगळे. २०१६ मध्ये चर्चेनंतरच्या बहुतेक शास्त्रीय चाचण्यांत हिलरी क्लिंटन सरस ठरल्या. अध्यक्ष झाले ट्रम्प. २०१२ मध्ये पहिल्या चर्चेत ओबामा फिके पडले, तरी निवडून आले. अपवाद २७ जून २०२४ चा : त्या चर्चेत बायडेन अडखळले, त्यांच्यावर स्वपक्षातूनच दबाव वाढला आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली.

मतं खरंच फिरतात का, हे नाशिकच्या एखाद्या कॉलेजात तपासून बघायचं तर त्याच मुलांना चर्चेआधी, लगेच नंतर आणि आठवड्याने विचारा. दर वेळी नवी मुलं धरलीत तर हिशेब फसलाच.