निपाणीहून सिंगापूर: व्हिसा एजंटाचा, पार्कचा दिवस आपला

ताई, तुमचा प्रश्न असा: दसऱ्याच्या सुट्टीत तुम्ही दोघं, दोन पोरं आणि सासू-सासरे असे सहाजण निपाणीहून सिंगापूरला जाणार, मुख्य ओढ युनिव्हर्सल स्टुडिओ या राइडच्या पार्कची. तर एजंटाचं पॅकेज घ्यावं की सगळं मोबाइलवर आपणच बुक करावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. व्हिसा एजंटाकडे द्या, विमानाची तिकिटं हवी तर त्याच्याकडूनच काढा, पण हॉटेल आणि पार्कचा दिवस स्वतःच्या हातात ठेवा.

व्हिसाला तसाही एजंट लागतोच. तिथं राहणारं कुणी ओळखीचं नसेल तर आपला अर्ज सिंगापूरच्या उच्चायुक्तालयानं नेमलेल्या अधिकृत एजंटामार्फतच जातो. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटाचा आकार. आपल्याकडचे बरेचसे एजंट कागद पुढे मुंबई-बेंगळुरूच्या अधिकृत एजंटाकडेच पाठवतात, त्यात काही वावगं नाही, फक्त फी किती आणि त्याची सेवा किती हे वेगवेगळं लिहून घ्या. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं ‘एसजी अरायव्हल कार्ड’ मात्र पूर्ण फुकट असतं. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती बंद करायची.

आता आपल्या सीमाभागाची खरी अडचण. मराठी टूर कंपन्यांच्या ग्रुप टूर निघतात त्या पुण्या-मुंबईच्या शाळांकडे बघून, म्हणजे दिवाळी आणि मे महिना. आपली पोरं कर्नाटक बोर्डाची, त्यांना मोठी सुट्टी दसऱ्याला, आणि उन्हाळ्यानंतर शाळा उघडते महाराष्ट्राच्या आधी. मग होतं काय, की एजंट म्हणतो, “दिवाळीतल्या ग्रुपमध्ये बसवतो की ताई, चार दिवस शाळा बुडली तर काय होतंय?” बुडवायची काही गरज नाही. उलट आपली सुट्टी फायद्याची आहे. सिंगापूरच्या शाळांना सुट्ट्या जूनमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरला. दसऱ्याच्या दिवसांत तिथली पोरं वर्गात असतात, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी पार्कमध्ये रांगा सुसह्य असतात.

एक गोम आहे, आणि पॅकेजवाला ती सहसा सांगत नाही. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत युनिव्हर्सलमध्ये ठरावीक रात्री ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ नावाचा भुताखेतांचा कार्यक्रम असतो. त्याचं तिकीट वेगळं, आणि त्या दिवशी दिवसाच्या पाहुण्यांना पार्क लवकर रिकामं करावं लागतं. तुमची सुट्टी नेमकी त्यातच येते. म्हणून पार्कच्या वेबसाइटवरचं कॅलेंडर उघडा, हॉरर नाइट नसलेला मंगळवार किंवा बुधवार शोधा, आणि बाकीची सगळी सहल त्या एका दिवसाभोवती बेता. पॅकेजात हे उलटं होतं. युनिव्हर्सल आहे सेंटोसा बेटावर; एजंटाची बस ज्या दिवशी तिथं जाते तो तुमचा युनिव्हर्सलचा दिवस.

बसचंही सांगतो. कोटेशनमध्ये ‘एसआयसी’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ इतकाच, की इतर प्रवाशांबरोबर एका बसमध्ये तुमची जागा. ती बस चार-पाच हॉटेलांची माणसं गोळा करत फिरते. एका टूरवाल्याच्या अशाच बसमधून आम्ही गेलो तेव्हा दारात पोहोचेपर्यंत पार्क उघडून तास उलटून गेला होता, आणि संध्याकाळी पोरांना राइडच्या रांगेतून ओढून काढून बसकडे पळावं लागलं. पार्कमधला पहिला तास सोन्याचा. त्या तासात ज्या राइडला पंधरा मिनिटं लागतात तिलाच दुपारी तासभर उभं राहावं लागतं. तो तास गेला की मग एक्सप्रेस पास, म्हणजे लांब रांग टाळायचा जादा पैशांचा पास, घ्यायची वेळ येते. त्याचा दर तारखेनुसार वरखाली होतो, आणि गर्दीच्या दिवशी तो तिकिटाएवढाच जड वाटू लागतो. मधल्या वारी उघडताक्षणी आत शिरलात तर पास लागत नाही, असं माझं मत. शनिवार-रविवारीच जाणार असाल तर वाद नाही, घ्या.

हॉटेल लिटल इंडिया किंवा फॅरर पार्क स्टेशनजवळ बघा. तिथून नॉर्थ ईस्ट लाइनची मेट्रो कुठंही न बदलता हार्बरफ्रंटला पोहोचते. वर व्हिवोसिटी मॉल, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल, आणि रिसॉर्ट्स वर्ल्डला उतरलं की पार्क समोरच. परदेशात चालणारं, टॅप करता येणारं कार्ड असेल तर मेट्रोचं वेगळं तिकीट काढावं लागत नाही, पण प्रत्येकाला आपापलं कार्ड टेकवावं लागतं हे लक्षात असू द्या. शिवाय त्या भागात शाकाहारी जेवणाची ददात नाही. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून चालू आहे. सासूबाईंना रात्री गरम भात-सांबार मिळालं की निम्मी सहल यशस्वी झाली असं समजा. खोल्या मात्र लहान. ‘तिघांची खोली’ म्हणून एजंट जी देतो तीत तिसरा पलंग उघडला की बॅग ठेवायला जागा उरत नाही, तेव्हा खोलीचं क्षेत्रफळ बघूनच बुक करा.

तिकिटांत आणखी एक बचत दडलेली आहे. पॅकेजात सहाच्या सहा माणसांचं युनिव्हर्सलचं तिकीट धरलेलं असतं. चार वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, ४ ते १२ वयाचं मुलांचं, आणि साठीपुढच्यांचं वेगळं सवलतीचं. मामंजी रोलर कोस्टरमध्ये बसणार आहेत का, हे आधी त्यांनाच विचारा ना. नसतील तर सासू-सासरे दोघांनी सेंटोसाच्या किनाऱ्यावर निवांत बसावं, पोरांची वाट बघत दिवसभर बाकावर अवघडण्यापेक्षा ते बरं. मोठ्या राइडला दारातच उंची मोजतात, तिथं रडारड चालत नाही. धाकट्याची उंची घरीच मोजा, वेबसाइटवर प्रत्येक राइडची अट दिलेली आहे, आणि कुठल्या राइडला कोण जाणार हे निपाणीतच ठरवून टाका. धाकट्यासाठी २०२५ साली उघडलेला मिनियन लँडचा भाग आहे, त्याला तेवढं पुरतं.

पैशाचं. परदेशी टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि शिवाय टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ वसूल होणारा आयकर, कापला जातो. टीसीएस हा खर्च नव्हे, विवरणपत्र भरलं की तो करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. निवृत्त मामंजींच्या खात्यातून पैसे भरलेत आणि ते विवरणपत्र भरत नसले तर ते पैसे अडकलेच. दर आणि मर्यादा बदलत आल्यात, तेव्हा बुकिंगच्या दिवशी सीएला विचारा. नुसतं विमान तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज धरत नाहीत. “रोख दिलं तर बिलाशिवाय कमीत बसवतो” म्हणणाऱ्याच्या दुकानातून चहा पिऊन उठावं. बिल नसेल तर सहल रद्द झाल्यावर कशाच्या जोरावर भांडणार ओ?

विमानाची गोष्ट वेगळी. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून थेट परदेशी विमान नाही, आणि जाहिरातीतला पॅकेजचा भाव बहुधा मुंबईपासूनचा असतो. निपाणी ते मुंबई आणि परत, सहा माणसांचा हा खर्च मिळवल्याशिवाय तुलना करूच नका. बेंगळुरूहून जायचं तर बेळगावहून रात्रीची राणी चन्नम्मा आहे, पहाटेची वंदे भारत आहे. रेल्वे स्टेशन आणि देवनहळ्ळीचा विमानतळ यांत मात्र अख्खं शहर आडवं येतं, तेव्हा स्टेशनसमोरच्या मॅजेस्टिक बसस्थानकाहून विमानतळाच्या वायुवज्र बसनं जायला रहदारी धरून भरपूर वेळ हाताशी ठेवा. बेळगावहून विमानानंच जाणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान धुक्या-पावसात लटकलं तर पुढची कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. हे जुळवणं एजंटाला आपल्यापेक्षा बरं जमतं. फक्त त्यानं तिकीट काढलं की पीएनआर मागून विमान कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा, आणि नावं पासपोर्टबरहुकूम आहेत ना हे अक्षर अक्षर लावून बघा.

मग पूर्ण पॅकेज कुणी घ्यावं? घरात कुणालाच मोबाइलवर नकाशा बघत फिरायची सवय नसेल, किंवा भिशीच्या मंडळातल्या वीस बायका मिळून निघाल्या असतील, तर मराठी बोलणारा टूर मॅनेजर असलेली ग्रुप टूर घ्यावी आणि चार पैसे जास्त गेल्याचं मनात आणू नये. तुमच्या घरात कॉलेजपर्यंत शिकलेले दोघं आहेत, तुम्हाला ती लागत नाही.

पोरांना आधी राइडची चव द्यायची असेल तर बिडदीचं वंडरला आहे, बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर. त्याला कसला एजंट? तिकीट त्यांच्याच साइटवर मिळतं, लहान-मोठं वयावर नाही, उंचीवर ठरवतात, आणि पाण्याच्या राइडसाठी नायलॉनचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत.

आता लगेच करायचं ते एवढंच: सहाही पासपोर्ट काढून मुदत बघा. प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक हवेत, आणि मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तिथंच बहुतेकांचं अडतं. आणि निपाणीचे आहात म्हणून सांगतो, मामंजींची तंबाखूची डबी घरीच राहू दे. जर्दा, खैनी, गुटखा, सिंगापूरात सगळ्यालाच बंदी आहे, आणि सिगारेटच्या एका पाकिटावरही ड्युटी भरावी लागते.